चार मजलीचा तळमजला

मी पार्बताबाई, कै. सूर्यभान गावंडे यांची पत्नी, वय अडुसष्ट, राहणार ताजनापेठ, अकोला, हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने व राजीखुशीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा शेषराव चारचौघांत उलटं सांगत असतो. गेल्या महिन्यात केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते.

१. गावंडे बिल्डिंग यजमानांनी १९५१ साली माझ्या नावे बांधली. आमच्या पेठेत एवढी उंच इमारत तेव्हा दुसरी नव्हती. तेल्हाऱ्याची माणसं बाजाराला आली की गच्चीवर चढून अकोला बघायची. आजही टांगेवाल्याला 'चार मजली' एवढं सांगितलं तरी पुरतं. वरचे तिन्ही मजले शेषराव आणि मुलगी वच्छला यांना समसमान. भाडेकरूंना काढू नये, दुसऱ्या मजल्यावरच्या श्रावण तायडे यांना तर मुळीच नाही. बौद्ध कुटुंबाला जागा दिली म्हणून ज्या आप्तांनी माझ्या घरचं पाणी वर्ज्य केलं, त्यांना माझ्या तेराव्याला बोलावू नये.

२. माझ्या हातातले सोन्याचे गोठ शेषरावची मुलगी शालू हिला.

३. तळमजला. यजमान कापसाच्या जिनिंग कारखान्यात जळून गेले ते मी विसरलेली नाही. दाबलेली रुईची गाठ बाहेरून थंड होती, आत ठिणगी धुमसत होती. गाठ फोडली आणि तिने पेट घेतला. त्यांना घरी आणलं तेव्हा चांदीच्या करदोट्यावरून ओळखावं लागलं. आपल्या इमारतीत कापूस ठेवणार नाही, असं शेषरावने तेव्हा कबूल केलं होतं. यंदा भाव चढेपर्यंत म्हणून त्याने तळमजल्यात छतापर्यंत गाठी रचल्या आणि कुलूप घातलं. वरच्या सगळ्यांना जिना एकच, लाकडी, तोही त्याच दारावरून जातो. मी बोलले तर म्हणाला, "आई, तू उगाच भेव घेऊन राहिली. गाठी थंड हायेत. तूच हात लावून पाह्य."

पोटच्या पोराला कोर्टात ओढायला जीव धजला नाही. म्हणून मागच्या मृत्युपत्रात तळमजला त्याला दिला आणि अट घातली: गाठी असतील तोवर त्याने बायकोलेकरांसह बरोबर त्यांच्या वर, पहिल्या मजल्यावरच निजावं. वाटलं, लेकरांकडे पाहून तरी माल हलवील. अट मी त्याला वाचून दाखवली आणि आठवडाभरात त्याने सून, लेकरं अमरावतीला तिच्या माहेरी धाडली. स्वतः बाजारातल्या आपल्या दुकानात झोपतो. गाठी तिथेच आहेत. निघताना शालूने जिन्यात विचारलं, "आजी, आमी चाल्लो, मंग तायडेकाकाची पोरं काहून नाही येऊन राहिली?" तिच्या बापाची मला लाज वाटते.

४. तळमजला आता वच्छलेला. पण मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात, हे तसं ठेवू नये. उद्या सकाळी श्रावण तायडे यांनी ते जिन्यात उभं राहून सगळ्या बिऱ्हाडांना वाचून दाखवावं. शेषरावचं घर रिकामं का, हे त्यांना कळलं पाहिजे. तळमजल्याचं कुलूप त्यांनी तोडलं तर ती चोरी नव्हे. मालकीण मी आहे आणि माझा तसा हुकूम आहे. गाठी बाहेर पडेपर्यंत मी पहिल्या मजल्यावर, शालूच्या खाटेवर निजेन.

अकोला, १२ जानेवारी १९६३
(सही) पार्बताबाई सूर्यभान गावंडे

बाईंनी आमच्यादेखत वाचून सही केली:
१. डॉ. रामराव पोहरे, अकोला
२. चंद्रभान म्हैसने, तेल्हारा