समासातली ओळ

बाबा, डिंगोऱ्याची म्हातारी गेल्या आठवड्यात वारली. शेवटच्या दुपारी मी तिच्याजवळ होते. तिने मला एक प्रश्न विचारला आणि मी उत्तर दिले. ते उत्तर तुमच्याविषयी होते, म्हणून तुम्हाला सांगणे भाग आहे. तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली. जे पोचणार नाही ते लिहिणे मला कधी पटले नाही, अजूनही पटत नाही. तरी लिहिते.

आधी कागदांबद्दल. मी दहा वर्षांची आहे, आई जाऊन पाच वर्षे झाली आहेत. जुन्नरच्या वेशीबाहेर तुम्ही मास्तर आहात त्या मिशनच्या शाळेला लागून आपली एक खोली, पुढे ओटा. रविवारची उपासना आटोपली की तुम्ही भाकऱ्या थापता, आपण जेवतो, आणि मग ओट्यावर कागद पसरतो. गावातल्या कागद्यांनी बनवलेला तो जाड कागद, हाताला जरा खरखरीत लागणारा. डिंगोरे गावची आपली ख्रिस्ती माणसे उतारवयात अक्षरे शिकलेली, छापील शुभवर्तमानातली बारीक अक्षरे त्यांना दिसत नसत. म्हणून तुम्ही एकेक गोष्ट मोठ्या अक्षरांत उतरवून घरोघर देत होता. समोर तुमचे छापील पुस्तक उघडे असे. त्याचे समास तुमच्या पेन्सिलीच्या टिपणांनी भरलेले, उपदेशाच्या वेळी बोलायच्या गोष्टी. सुरुवातीला मी नुसत्या रेघा आखायची, पुढे बोरूही माझ्या हाती आला. तुम्ही माझे वळण असे घोटून घेतले की वर्षभरात तुमचे अक्षर कोणते आणि माझे कोणते हे मलाही सांगता येईना.

एका रविवारी मी विहिरीची गोष्ट उतरवत होते. येशू चालून दमलेला, दुपारच्या वेळी विहिरीपाशी बसला आहे. ज्या लोकांशी त्याच्या लोकांचा पाण्याचा व्यवहार नाही त्यांतली एक बाई घागर घेऊन येते, आणि तो तिच्याकडे पाणी मागतो. कागद संपला तेव्हा खाली कोपऱ्यात थोडी जागा उरली होती. तिथे मी एक घागर काढली. तुम्ही रागावलात की आवाज चढत नसे, उतरत असे. "शास्त्राच्या कागदावर आपलं काही घालायचं नाही," म्हणालात. "घागरसुद्धा नाही." सुरीच्या टोकाने खरवडून पाहिलीत, पण कागद सुटू लागला म्हणून सोडून दिलीत. तो कागद तसाच गुंडाळून डिंगोऱ्याला गेला. त्यानंतर मी कोणत्याही कागदावर कधी काही काढले नाही.

अठराव्या वर्षी मी पुण्याला बायकांच्या मिशन दवाखान्यात औषधे बनवायचे काम शिकायला गेले. पहिल्याच आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितले की औषधाची चिठ्ठी वहीत उतरवताना समासात काही लिहायचे नाही. आज तू समासात लिहिशील, उद्या उतरवणारी ते औषधात घालील. मला ते फार पटले. दवाखान्यात मला जवळजवळ सगळेच पटत होते. औषध तोलायचा ग्रेनचा काटा थांबला की थांबला, तो कुणाच्या म्हणण्याने हलत नाही. त्याच वर्षी बाईंच्या टेबलावरचे नव्या भाषांतराचे इंग्रजी बायबल मी चाळले. योहानाच्या पाचव्या अध्यायात तिसऱ्या ओवीनंतर एकदम पाचवी होती. चौथी, देवदूत तळ्यातले पाणी ढवळतो ती, खाली बारीक टीपेत टाकलेली. आपल्या मराठी पुस्तकात ती जागच्या जागी आहे आणि तुम्ही ती माझ्याकडून पाठ करून घेतली होती. मी बाईंना विचारले. त्या कापसाच्या घड्या घालत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या की सर्वांत जुन्या हस्तलिखितांत ती नाही. कुणीतरी समजुतीसाठी समासात लिहिली असावी, आणि पुढच्याने आत घेतली असावी.

त्या नाताळात मी घरी आले. डिंगोऱ्याची मंडळी उपासनेला आली होती. म्हातारीने उभे राहून विहिरीची गोष्ट तोंडपाठ म्हटली. लहानपणापासून मी ती तिच्या तोंडून ऐकत आले होते, पण त्या दिवशी पहिल्यांदाच पुस्तक उघडून पडताळत ऐकली. त्याने पाणी मागितले, बाईला आश्चर्य वाटले, इथवर जुळले. पुढे म्हातारी म्हणाली, "आणि तो तिच्या हातचे पाणी प्याला." पुस्तकात ते नव्हते. मी अध्याय शेवटपर्यंत पाहिला. दोघांचे बोलणे होते, बाई घागर टाकून गावात धावत जाते हेही होते. तो पाणी प्याल्याचे कुठेच नव्हते. मग तुमचे पुस्तक पाहिले. तिथे समासात, तुमच्या पेन्सिलीने, ती ओळ होती.

त्या संध्याकाळी तुम्ही चुलीपाशी पिठले ढवळत होता. मी समोर पुस्तक धरून म्हणाले, "तुम्ही शास्त्रात भर घातलीत."

"ते समासात आहे," तुम्ही म्हणालात.

"डिंगोऱ्याच्या कागदात आत आहे."

"कागद पाहिलास?"

"पाहायची गरज नाही. म्हातारीच्या तोंडून ऐकलं."

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत, काही बोलायला गेलात, आणि पिठल्यात पळी फिरवत राहिलात. "असेल," म्हणालात.

त्या एका शब्दाने मला जोर आला. एका घरात, एका पिढीत, एक ओळ अशी आत शिरते, तर अठराशे वर्षांत काय काय शिरले असेल, असे मी विचारले. तळ्याची ओवी दाखवली. येशूच्या कबरेपाशी पहाटे गेलेल्या बायका शुभवर्तमान लिहिणाऱ्या चौघांपैकी एक जण एक सांगतो, दुसरा दोन, तिसरा तीन, हेही मोजून दाखवले. आमच्या दवाखान्यात चार वह्यांत चार प्रमाणे निघाली तर ते औषध कुणाला देत नाहीत, म्हणाले. तुम्ही हसून म्हणालात, "चौघं शब्दाला शब्द सारखं बोलले असते तर तू म्हणाली असतीस, बसून ठरवलंय." मी हसले नाही. लेण्याद्रीच्या लेण्यांत दगडावर कोरलेले शब्द तरी बदलत नाहीत, असे मी म्हटले. "नाहीत बदलत," तुम्ही म्हणालात, "पण ते कुणाला पाठ आहेत?" तुमचे भाऊबंद ज्या पुस्तकापायी तुम्हाला तुटले, त्याच्यावरच मी बोट ठेवत होते. हे मला कळत होते आणि तरी मी थांबले नाही. पिठले खाली लागले. जेवताना तुम्ही एवढेच विचारलेत, "म्हातारीला सांगणार आहेस?"

"विचारलं तर खरं ते सांगेन."

"बरं," तुम्ही म्हणालात.

दुसऱ्या दिवशी मी पुण्याला परत गेले. उन्हाळ्याच्या तोंडाला प्लेगने शाळा उठवली आणि तुम्ही माळावरच्या झोपड्यांत आजाऱ्यांना पाणी देत राहिलात. मला चिठ्ठी पोचली तेव्हा तुम्हाला पुरून चार दिवस झाले होते.

आता मी जुन्नरच्याच दवाखान्यात आहे. उपासनेला जाते, मागे बसते. तेव्हा जे म्हणाले ते चूक होते असे मला आजही वाटत नाही. माणसांनी लिहिले, माणसांनी उतरवले, आणि उतरवणाऱ्याचा हात थकतो, त्याचे लक्षही जाते. काय घडले याचा पुरावा म्हणून ते पुस्तक माझ्या काट्यावर उतरत नाही. हे मी तुमच्या मुलीला शोभेल अशा सौम्य शब्दांत लिहू शकले असते, पण अर्थ तोच राहिला असता.

म्हातारीचा निरोप आला म्हणून मी छातीचे औषध घेऊन डिंगोऱ्याला गेले. औषधाचा उपयोग नव्हता, हे पाहताच कळले. बाजेवर बसती करून मी तिला दोन घोट दिले. तिने उशाखालून बांबूची नळी काढली, आणि त्यातून कागद.

"नवा मास्तर आलाय," ती म्हणाली. "त्यो म्हनतो, म्हातारे, ह्ये पुस्तकात न्हाई, ह्ये म्हनत जाऊ नगं. तुजा बा आंबेगावच्या हिरीवर मडकं घिऊन दुपारभर हुबा ऱ्हायचा, कुनी वरनं वतंल म्हनून. त्येनं मला ह्ये दिलं. म्या ह्येच ऐकून बाप्तिस्म्याचं पानी घेतलं डोक्यावर. तू शिकल्याली हाईस. खरं सांग पोरी, त्यो पानी पेला का न्हाई?"

आंबेगावच्या विहिरीचे तुम्ही मला कधी सांगितले नव्हते.

मी कागद उघडला. ओळ आत होती, स्पष्ट, वरच्या खालच्या ओळींसारखीच. आणि खाली कोपऱ्यात, सुरीने अर्धी खरवडलेली, घागर होती.

तुम्ही चुलीपाशी का थांबलात ते मला तेव्हा कळले. समासातली टीप तुमची, ती आत घेणारा हात माझा. घागर खरवडताना तुमच्या नजरेतून ओळ सुटली असेल. कधीतरी म्हातारीकडे तुम्ही ती वाचलीत, आणि काढली नाहीत. आणि मी तुमच्यावर आळ घेतला तेव्हा "असेल" म्हणालात.

म्हातारी वाट पाहत होती. मी म्हटले होते तसेच केले. "आजी," मी म्हणाले, "पुस्तकात तसं लिहिलेलं नाही."

ती घाबरली नाही. म्हणाली, "लिवलं न्हाई म्हंजी पेला न्हाई, आसं व्हतंय व्हय? मागितलं त्येनंच. आमच्याकडं पानी मागून मंग न पिता कोन जातंय? ज्येला प्यायचं नसतं त्यो मागतच न्हाई."

पुरावा म्हणून ते चालणार नाही, पण तिची माणसांची माहिती माझ्यापेक्षा जास्त होती.

मग तिने कागदावर बोट ठेवले. "मंग ह्ये कुनी लिवलं?"

नाताळात मी फक्त चुकले होते. या वेळी घागर माझ्या डोळ्यांसमोर होती. तरी मी म्हणाले, "बाबांनी."

"वाटलंच मला," म्हातारी म्हणाली, आणि समाधानाने डोळे मिटले. "मास्तरानंच लिवावं त्ये."

ती गेल्यावर तिच्या सुनेने कागद मला दिला. मी त्यात काही खोडले नाही. हे पत्र त्याच नळीत ठेवणार आहे, कारण दुसरीकडे कुठे पाठवायचे ते मला माहीत नाही. बाबा, घागर मी काढली होती. ओळही मीच लिहिली होती.