आईच्या नावाचं रक्त

३ फेब्रुवारी
आईच्या हातून आज पुन्हा कपबशी निसटली. हात थरथरतात, तोंडाला सारखं पाणी सुटतं, आणि अंधाऱ्या स्वयंपाकघरातसुद्धा डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या! "काय न्हाई गं, अशक्तपणा हाय." अशक्तपणा नाही, आई. कीटकनाशक आहे ते. तू चाकणच्या कंपनीच्या पॅकिंग हॉलमध्ये दिवसभर त्याच्या पुड्या भरतेस. आणि मी भिंतीपलीकडे, रणजीत सरांच्या एसी केबिनच्या कोपऱ्यात टायपिंग करते. घरातली पहिली पदवीधर!

बी.एस्सी.ला शिकले होते — नस स्नायूला रसायनातून निरोप देते, काम झालं की एक एन्झाइम ते रसायन मोडून टाकतं. हे औषध त्या एन्झाइमलाच निकामी करतं. निरोप थांबतच नाही. नस ओरडत राहते. अळी तशीच मरते. या उत्तराला पैकीच्या पैकी मार्क मिळाले होते मला.

७ फेब्रुवारी
मग हॉलमधल्या बायकांची त्या एन्झाइमची रक्ततपासणी दर वेळी नॉर्मल कशी? गेटवरच्या भैरूमामांनी हसत हसत सांगितलं. "अगं, रगत आमी वाचमनच देतो की! सायेब म्हन्त्यात, तुमी मोकळ्या हवेतली मानसं, तुमचं चांगलं निघतं. मागल्या खेपंला मीच तुजी आई व्हतो!"

मला हसू आलं नाही.

८ फेब्रुवारी
रणजीतला सोडणार नाही.

१२ फेब्रुवारी
"वर्षाली, परदेशी गिऱ्हाइकाचं ऑडिट आहे. या वेळी ऑफिसचंही रक्त जाणार. लेबलं तू चिकटव. हॉलचं काय ते भैरूला सांग."
हो सर!

आईचं खरं रक्त आईच्या नावाने पाठवू? नको. हॉलमधल्या कस्तुरामावशीने बाहेर तपासून आणलं, एन्झाइम कमी निघालं — दुसऱ्याच दिवशी कामावरून काढली. पण कमी साहेबांचंच निघालं तर?

१४ फेब्रुवारी
केलं! भैरूमामांना म्हटलं, आईचं या वेळी राहू द्या. आईलाच बोलावून घेतलं. तिच्या ट्यूबवर रणजीतचं नाव, रणजीतच्या ट्यूबवर आईचं — कौशल्याबाई. हात जराही कापला नाही.

१७ फेब्रुवारी
त्याचा रिपोर्ट मोबाइलवर आला. निम्म्याहून कमी! तोंड पांढरंफटक. "मी तर हॉलमध्ये पाऊलही टाकत नाही!" दिवसभर आरशात बाहुल्या बघत होता. निगडीच्या डॉक्टरची वेळ घेतली. संध्याकाळी हॉलसाठी पंखे, मास्क, हातमोजे — ऑर्डर मलाच टाइप करायला लावली. इतकं गोड टायपिंग मी आयुष्यात केलं नाही.

घाबर. अजून घाबर! आई कधी घाबरली नाही, तिच्या वाटणीचंही तूच घाबर.

१८ फेब्रुवारी
पंखे बसले. आई म्हणाली, "सायबाला देवानं बुद्धी दिली बघ."

२१ फेब्रुवारी
हॉलचे रिपोर्ट आज कागदावर आले. कौशल्याबाई — कमी.

पण ते रक्त रणजीतचं!

"ही तुझी आई ना? उद्यापासून पाठवू नकोस," तो म्हणाला.

तो जेवायला गेल्यावर खुर्चीवर चढून पाहिलं. एसीच्या मागची जाळी हॉलमध्येच उघडते, हवा तिथूनच आत येते. माझं टेबल बरोबर तिच्याखाली.

लिहिताना हात कापतोय. रागानेच असेल.