वही घरी ठेवून या

सातारा,
दि. ४ जून २०२५

चि. सौ. क्रांतीस,
संयोगिताचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे फोन मी मुद्दाम घेत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तुला ब्लॉक केलं आहे, तेही मुद्दाम. फोनवर तू गोड बोलतेस आणि माझं म्हणायचं राहून जातं. कागदावर तुला मधे बोलता येत नाही.

रविवारी मलकापूरच्या बैठकीत मंडळानं तुला मुख्य केलं. आता नवीन कोचना तू शिकवणार. अभिनंदन. टाळ्या मीही वाजवल्या. चेहरा कसा झाला होता ते मला माहीत नाही, पण शेजारच्या आम्रपालीनं मला पाण्याची बाटली दिली.

आठ वर्षांपूर्वी हे मंडळ सुरू झालं तेव्हा आम्ही तिघंच होतो. चाळिशीत फौजेतून घरी आलेल्या माणसासमोर बसायचं, प्रश्न विचारायचे, पुढं काय करायचं ते त्याचं त्याला ठरवू द्यायचं, सल्ला मात्र द्यायचा नाही. गल्लीतल्या बायका विचारायच्या की कोचिंग सुरू केलंय म्हणे, दहावीचं गणित घेता का. मी बारावी नापास बाई. नगर वाचनालयातली पुस्तकं आणून, डिक्शनरी मांडीवर घेऊन हे काम शिकले. तुला या मंडळात मी आणलं. कुपवाडच्या कारखान्यातली नोकरी गेल्यावर तू माझ्या स्वयंपाकघरात बसून दोन दिवस रडलीस, ते विसरली नसशील. मग तू इंग्रजीतलं सर्टिफिकेट काढलंस, लॅपटॉप घेतलास. चांगलं केलंस.

पण जालिंदरचं मला सहन झालेलं नाही. तो ह्यांच्या फौजेतल्या तुकडीतला माणूस. शिराळ्याहून दोन गाड्या बदलून माझ्याकडे चार वेळा आला, मग एकदम बंद झाला आणि सांगलीला तुझ्याकडे गेला. आणि रविवारच्या बैठकीत सगळ्यांदेखत उठून म्हणाला की क्रांतीताईंनी माझं मन हलकं केलं, अकरा वर्षांनी झोप लागली. मंडळानं तुझं नाव घेतलं ते त्यानंतर, हे तुलाही ठाऊक आहे.

तू त्याला असं काय विचारलंस? आणि तो काय बोलला? एवढं कळवावंस. जयराज भाऊजींना बीपीची गोळी वेळेवर दे.

राग आहे, पण माया त्याच्या खालीच आहे असं समज.

तुझी थोरली जाऊ,
संयोगिता

•

सांगली,
दि. ११ जून २०२५

ती. अक्कांस,
क्रांतीचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र आलं. पोस्टमननं सही मागितली तेव्हा हे घाबरले, त्यांना कोर्टाची नोटीस वाटली. वाचून झाल्यावर म्हणाले की नोटीस परवडली असती.

अक्का, मुख्य व्हायचं माझ्या मनातही नव्हतं. तुमच्या बाटलीचं आम्रपालीनं मला सांगितलं आणि मला घरी येऊन जेवण गेलं नाही. नवीन लोकांना मी काय शिकवणार? मला जे येतं त्यातलं निम्मं तुमचंच आहे. आणि रडले ते दोन नाही, तीन दिवस. तिसऱ्या दिवशी तुम्ही मला पोळ्या लाटायला बसवलंत, म्हणून तुमच्या हिशोबात तो धरला नसेल.

जालिंदरभाऊंना मी काही विशेष विचारलं नाही, हे शपथेवर सांगते. ते आले त्या दिवशी लाईट गेलेली, लॅपटॉप बंद, प्रश्नांचा कागद त्यातच अडकलेला. मी मेथी निवडत बसले होते, तेही निवडू लागले. दीड तास ते बोलले आणि मी ऐकलं. जुडी कधी संपली ते दोघांना कळलं नाही.

काय बोलले ते मात्र सांगता येणार नाही. ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही, सख्ख्या नवऱ्यालाही सांगायचं नाही, हे पहिल्या दिवशी तुम्हीच मला शिकवलंत. ह्यांनासुद्धा मी सांगितलेलं नाही. बैठकीत ते स्वतः सगळ्यांपुढं म्हणाले तेवढंच लिहिते. सांगलीत बँकेत गार्डची नोकरी मिळते आहे आणि शिराळ्याला भरतीच्या पोरांची अकॅडमी त्यांना शिकवायला बोलावते आहे. मन अकॅडमीकडे आहे, पण हो म्हणवत नाही.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरत जा.

माझ्यावरचा लोभ एकदम काढून घेऊ नका, थोडा थोडा काढा.

आपली,
क्रांती

•

सातारा,
दि. १६ जून २०२५

चि. सौ. क्रांतीस,
आशीर्वाद.

माझाच नियम मला शिकवतेस. चांगली तयार झालीस.

मग आता नियमानंच जाऊ. दुसऱ्याकडं चालू असलेला माणूस घेताना आधी त्या कोचला विचारायचं, हाही आपल्या मंडळाचा नियम आहे. तू मला विचारलं नाहीस. सहा जुलैच्या बैठकीत मी लेखी तक्रार देणार आहे. कागद लिहून तयार आहे. तू मुख्य राहशील की नाही ते मंडळ ठरवेल. जालिंदर काय बोलला ते मला कळवलंस, तर कागद फाडीन.

त्या तक्रारीत, मी माझं काम किती काटेकोर केलं तेही लिहिलं आहे. म्हणजे कोणी असं म्हणायला नको की बाईला जमलं नाही म्हणून माणूस गेला. वहीत सगळं टिपलेलं आहे. पहिल्या वेळी तो बसल्याबसल्या म्हणाला की वैनी, लालासाहेब असताना आमी... मी त्याला तिथंच थांबवलं आणि पुढच्या पाच वर्षांबद्दल विचारलं. दुसऱ्या वेळी ह्यांच्या शेवटच्या हिवाळ्याचं काढलं. मी म्हटलं की झालेल्याचं नको, व्हायचंय त्याचं बोलू. तिसऱ्या वेळी पुन्हा तेच नाव. मी कागद पुढं केला आणि तुम्हाला येणारी पाच कामं लिहा म्हटलं. चौथ्या वेळी तो म्हणाला की वैनी, एक सांगायचं हाय, लालासाहेबांचं. मी घड्याळ दाखवलं.

पुस्तकात तसंच आहे. मागचं उकरायचं नाही, माणसाचं तोंड पुढं करायचं. आणि माझ्या नवऱ्याचं नाव निघालं म्हणून मी कामाच्या वेळेत डोळे पुसत बसले असते, तर ते शोभलं असतं का? मी एकदाही ढळले नाही. तुझ्यासारखी मेथी घेऊन बसले नाही.

आणि तरी तो तुझ्याकडं हलका झाला. माझ्या नवऱ्याबरोबर बर्फात राहिलेला माणूस माझ्यासमोर दगड आणि तुझ्यासमोर पाणी. तुझ्या घरी सगळं आहे क्रांती. नवरा आहे, सर्टिफिकेट आहे, आता मंडळही आहे. हा एक माणूस तरी माझ्याकडं राहायला हवा होता.

उत्तराची वाट पाहते. गुडघा तसाच आहे.

संयोगिता

•

सांगली,
दि. २१ जून २०२५

ती. अक्कांस,
सा. न. वि. वि.

तक्रार जरूर द्या. तुम्हाला विचारायला हवं होतं, ते मी विचारलं नाही. तुम्ही नाही म्हणाल म्हणून घाबरले. मंडळापुढं मी तसंच कबूल करीन. मुख्यपद गेलं तर जाऊ दे. पण त्या कागदाच्या बदल्यात ते बोलणं मला देता येणार नाही.

एकच विनंती. तुमच्याच पत्रातला तो वहीचा मजकूर पुन्हा एकदा वाचा, कोच म्हणून नको, तुमच्या वाचनालयातल्या पुस्तकासारखा वाचा. तो माणूस चार वेळा काय घेऊन आला होता ते बघा.

मी जालिंदरभाऊंना विचारूनच पुढचं लिहिते आहे. ते म्हणाले की रविवारी मी घरीच असतो, आई बी हाय. वैनींनी यावं, पर ती वही घरी ठेवून यावं.

हे म्हणत आहेत की तुमचा राग माझ्यावर असेल तर त्यांच्याशी तरी बोला. तुमच्या आवाजाची घराला सवय आहे.

आपली,
क्रांती

•

सातारा,
दि. ३० जून २०२५

चि. क्रांतीस,
आशीर्वाद.

काल शिराळ्याला जाऊन आले. वही नेली नाही. हाताला काही नसल्यामुळं गाडीत पिशवीचा बंद पिळत बसले.

जालिंदर दारात उभा होता, परेडला उभा राहतात तसा. त्याची आई बाळाबाई ऐंशीच्या घरातली. जय भीम करून त्यांनी मला आधी पाटावर बसवलं, मग म्हणाल्या की लय वाळलीस गं, ही शानी मानसं जेवत न्हाईत का. मला हसू आलं आणि त्यामुळं तोंड उघडलं. मी जालिंदरला म्हटलं की आज मी काही विचारणार नाही, तुम्ही सांगा.

त्यानं सांगितलं. तुला ठाऊकच आहे, पण आता ते माझंही झालं म्हणून लिहिते. २०१४ च्या फेब्रुवारीत ह्यांच्यापुढं एक्स्टेन्शनचा फॉर्म आला. घरी यायचं की दोन वर्षं आणखी काढायची. तीन दिवस ह्यांचं ठरेना. साताऱ्यात मोटार रिवायंडिंगचं दुकान टाकायचं मनात होतं. चौथ्या रात्री जालिंदर म्हणाला की आवं हवालदारसाहेब, दोन वर्सं काढा की, पेन्शन वाढंल, दुकान काय पळून जातंय व्हय. सकाळी ह्यांनी सही केली. त्यानंतर सातव्या महिन्यात ह्यांची गाडी दरीत गेली. जालिंदर मागच्या गाडीत होता. तेव्हापासून त्यानं कुणाला साधी वाटसुद्धा सांगितलेली नाही. अकॅडमीत दिवसभर पोरांना हे करा, ते करा सांगावं लागणार, म्हणून हो म्हणवत नाही. आधी माझ्यापुढं बोलायचं, माझे काय शब्द असतील ते ऐकून घ्यायचे, मग काय ते ठरवायचं, यासाठी तो चार वेळा आला होता. आणि मी त्याला पाच कामं लिहायला लावली.

आता जे मी कुणालाच सांगितलेलं नाही ते लिहिते. त्याच फेब्रुवारीत मी ह्यांना पत्र टाकलं होतं. घराचा स्लॅब राहिलाय, आणखी दोन वर्षं काढा, इतक्यात येऊन काय करणार. ती सही माझ्या पत्रावर झाली, असं धरून मी अकरा वर्षं काढली. म्हणून तर मला हे सल्ला न देण्याचं काम आवडलं. पुस्तकात तो नियम वाचला तेव्हा वाटलं की हे आधी वाचायला हवं होतं.

मी जालिंदरला म्हटलं की तुमचा काही दोष नाही, माझ्या पत्रामुळं झालं. तो म्हणाला की न्हाई वैनी, पत्र मागनं आलं, तवा सही झालती. मी म्हटलं की मी महिन्याच्या सुरुवातीलाच टाकलं होतं. तो म्हणाला की बर्फात डाक पंधरा दिवस अडकायची. आम्ही तारखांवरून भांडलो क्रांती, बांधावरून भांडतात तसे. मला त्याचा राग आला, आणि राग कसला, तुला खरं सांगते, हेवा वाटला. तुझा वाटतो त्याच्या दसपट. ते दुःख माझं होतं. त्यात दुसरं कोणी नव्हतं. ह्यांच्या शेवटच्या गोष्टीत मी होते, वाईट का होईना, मीच होते. आणि हा शिराळ्यातला माणूस ते सगळं आपल्याकडं ओढत होता.

तेवढ्यात बाळाबाई चुलीपासून उठून आल्या, हात पिठाचेच. दोघांवर ओरडल्या की आरं, त्यो बाप्या काय कुक्कुलं बाळ हुता व्हय? ह्यानं सांगितलं, तिनं लिवलं, आन त्येनं गपगुमान सही ठोकली? शाना मानूस, त्येचं त्येनं ठरवलं आसंल. त्येच्या डोस्क्यात काय हुतं ते त्येनं तुमा दोघास्नी सांगितलं का? मग कशाला भांडताय त्येच्या सहीवरनं.

मला आठवलं आणि हसू आलं, म्हटलं की ह्यांनी लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत माझं ऐकून साधा शर्टसुद्धा घेतला नाही. जालिंदरही हसला, म्हणाला की तंबूत चहा बी त्यांच्या मनासारखाच हुयाचा. मग आम्ही दोघांनी डोळे पुसले. कामाची वेळ नव्हती, त्यामुळं चाललं. तक्रारीचा कागद मी फाडला आहे. तू मला ते सांगितलं नाहीस, हे बरं केलंस. हे वाक्य लिहायला मला दोनदा पेन खाली ठेवावं लागलं.

निघताना जालिंदरनं विचारलं की वैनी, अकॅडमीचं काय करू? मला येणारे सगळे प्रश्न तोंडाशी आले. पण मी म्हटलं, घ्या. सरळ सांगितलं, घ्या म्हणून. आयुष्यात पुढं काय करायचं ते अकरा वर्षांत पहिल्यांदा मी कुणाला सांगितलं. कराडपर्यंत पुन्हा पिशवीचा बंद पिळत आले. त्या मैदानावर उद्या कुणाचा पाय मुरगळला तरी मला वाटेल की माझ्यामुळं. तरी मी ते परत घेतलेलं नाही.

आणि तो काय म्हणाला असेल? म्हणाला की व्हय वैनी, घेतो, पर एकदा क्रांतीताईंना इचारतो. अंगाचा नुसता जाळ झाला बघ. जेवून निघाले होते म्हणून, नाहीतर तिथंच बोलले असते.

गुरुवारी तो तुझ्याकडं येणार आहे. मेथी निवड, पावटे सोल, काय करायचं ते कर, विचारायचं ते विचार. पण क्रांती, मी सांगितलेलं मोडू नकोस.

हेवा कमी झाला की कळवीन. तोवर आहे तेवढ्यावर भागव.

तुझी,
अक्का