शेडमधल्या गाडीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वयाने म्हातारी, धंद्याने मोटार मेकॅनिक, सध्या मुक्काम गॅरेजवरच्या खोलीतला पलंग, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवत आहे. पाय गेले आहेत, हात कापतात, डोके आणि कान शाबूत आहेत. यापूर्वी मृत्युपत्र केले नाही, कारण कामातून सवड मिळाली नाही. आता सवडच सवड आहे.

ही खोली, बाजूचे स्वयंपाकघर आणि खालचे गॅरेज माझ्या एकुलत्या एका मुलाला द्यावे. बँकेत जे काही शिल्लक असेल तेही त्याचेच. तो ऑफिसात काम करतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतो, त्याला गॅरेजचा उपयोग नाही हे मी जाणून आहे. त्याने ते विकले तरी माझी हरकत नाही. हरकत घ्यायला मी असणारही नाही.

माझे दीर हे माझ्या पतींच्या निधनानंतर धंद्यात माझे भागीदार होते. त्यांना मी कॉम्प्रेसर आणि दोन्ही जॅक देते. पाण्याचा पाईप देत नाही, तो कापून टाकावा. गिऱ्हाइकाला खूश करायला भाऊजी इंजिनावर फवारा मारत. पाणी डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमध्ये शिरे, गाडी भर रस्त्यात मिसिंग करत, धक्के खात बंद पडे, आणि गिऱ्हाईक माझ्या नावाने खडे फोडत परत येई. "वहिनी, गाडी चकचकीत दिसली की माणूस खूश होतो," ते म्हणत. "भाऊजी, ढकलताना किती चकचकीत दिसते ते त्यालाच विचारा," मी म्हणे. मी अंथरुणाला खिळल्यापासून ते एकदाच जिना चढून आले. गुडघे दुखतात म्हणतात. त्यांचा राग त्यांनी आपल्याजवळ ठेवावा, माझा मी बरोबर नेत आहे.

आता शेडमधली पांढरी गाडी. ती ह्यांनी भंगारातून आणली आणि आम्ही दोघांनी उभी केली. ह्यांच्या मागेही ती चालत राहिली, कारण तिचा डिस्ट्रिब्युटर मी दुसऱ्या कोणाच्या हाती दिला नाही. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी लिहिते: इंजिनातल्या प्रत्येक प्लगला ठिणगी पाळीपाळीने वाटून देणारी ती वस्तू. मधोमध दांडा फिरतो, दांड्यावर रोटर, आणि वर झाकण घालावे तशी कॅप. वाटणी चुकली की इंजिन असो नाही तर घर असो, धडधड सुरू होते.

ही गाडी मी मुलाला देते. ती बंद पडलेली आहे, हे मला ठाऊक आहे.

मी पडून राहिल्यापासून तो दर रविवारी सकाळी येतो. आधी शेडमध्ये जातो, गाडी सुरू करतो, मला वर आवाज यावा म्हणून जरा वेळ चालू ठेवतो आणि बंद करतो. मग वर येऊन म्हणतो, "आई, ऐकलंस ना? मस्त आहे गाडी." मी म्हणते, "हो, ऐकलं." मग तो चहा संपेपर्यंत बसतो. हाताला पेट्रोलचा वास असतो. वडील गेल्यापासून तो अबोल झाला, मी तर पहिल्यापासूनच घुमी. आमच्यात गाडीखेरीज दुसरा विषय उरलेला नाही.

जुनी गाडी अशी जरा वेळ सुरू करून बंद करणे म्हणजे तिला हळूहळू मारणे. इंजिन नीट तापत नाही, कॅपच्या आत दमटपणा धरतो. ठिणगी वाट सोडून ओलसर पृष्ठभागावरून पळते, तिथे पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी रेघ उमटते, आणि पुढे ती त्या रेघेनेच जात राहते. थंडी सरेपर्यंत मला खालून फटफट ऐकू येऊ लागली होती. कॅप गेली, मी मनात म्हटले. नंतर दांडा ज्या कड्यात फिरतो तो बुश किंचाळू लागला, कारण त्याला तेल कोणी दिले नव्हते. कोरडा बुश झिजतो, दांडा डुलतो, ठिणगीची वेळ धरणाऱ्या पॉइंटमधले अंतर जागेवर राहत नाही. पलंगावर पडून मी सगळे ओळखत होते. "रस्त्यावर अर्धा तास फिरवून आण, नाहीतर हात लावू नकोस," एवढे म्हटले असते तर गाडी वाचली असती. पण मग त्याने हात लावणेच सोडले असते आणि रविवारी यायला त्याला कारण उरले नसते. मी गाडी जाऊ दिली.

एका रविवारी नुसता सेल्फ फिरत राहिला, मग तोही थकला. मुलगा बऱ्याच वेळाने वर आला आणि म्हणाला, "मस्त आहे."

पुढच्या रविवारी गाडी एका झटक्यात सुरू झाली. माझा जीव हरखला. तेवढ्यात त्या आवाजातून एक बाई ओरडली, "अरे, कॅप पुसलीस का आधी?" तो आवाज माझा होता. मी पायांवर उभी असताना त्याने कधीतरी मोबाइलवर गाडीचा आवाज भरून घेतला असावा. तेच तो आता शेडमध्ये स्पीकरवर लावतो. वर आला तेव्हा हाताला साबणाचा वास होता. "आई, ऐकलंस ना?" मी म्हटले, "हो."

तेव्हापासून दर रविवारी हेच. गाडी सुरू होते, मी ओरडते, गाडी बंद होते, तो वर येतो. आता नजरेला नजर देत नाही, चहा अर्धा टाकून उठतो. जिच्यासाठी गप्प बसले ती भेटही हातातून चालली आहे, आणि माझ्याकडे इलाज नाही. रात्रंदिवस छताकडे बघत मी रविवारची वाट पाहते आणि रविवार आला की तो लवकर संपावा असे वाटते.

माझी हत्यारे गाडीसोबत जावीत. कोणी ती पुन्हा सुरू करू पाहील असे मला वाटत नाही. पाहिलेच, तर दांडा चिमटीत धरून आडवा हलवावा, डुलला तर बुश बदलावा. कॅप उजेडात धरून केसाएवढी चीर आणि काळी रेघ शोधावी, सापडली तर कॅपच फेकावी, घासत बसू नये. रोटर काढून खालच्या नमद्याच्या तुकड्याला दोनच थेंब तेल द्यावे. मायेपोटी जास्त दिले तर ते पॉइंटवर उडते आणि पॉइंट जळतात.

मुला, वर यायला तुला गाडी सुरू करावी लागत नव्हती. हे तोंडाने सांगायला हवे. शब्द ओठांपर्यंत येतात आणि मी विचारते, "पेट्रोल आहे ना?"

आईला ऐकूच येत नव्हते, अशी समजूत त्याने करून घेऊ नये, म्हणून साक्षीला येणाऱ्या डॉक्टरांनी माझे कानही तपासून तसे लिहावे.

ठिकाण: वरची खोली, खिडकीलगतचा पलंग.
दिवस: रविवार, सकाळ. तारीख नर्सबाई घालतील.
सही: (वेडीवाकडी आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिली: दिवसपाळीची नर्स. सही माझ्यासमोर झाली. साक्षीदाराला काही ठेवता येत नाही म्हणून बाईंनी फक्त आभार ठेवले, ते पोचले.

साक्षीदार दुसरा: शेजारचा डॉक्टर. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. सांगितल्याप्रमाणे कान तपासले. आमच्या सह्या चालू असताना खाली गाडी सुरू झाली. बाई म्हणाल्या, "आता मी ओरडेन." त्याप्रमाणे आवाज आला. त्यांना स्वच्छ ऐकू येते. जिन्यावर पावले वाजत असल्याने इथेच थांबतो.