सगळे बाण उजवीकडे

ता. १४, शनिवार

ताई,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. इथे धूळ सोडली तर सगळे खुशाल. तुम्ही सगळी आणि माझी भाचरं बरी असाल.

कॉलेज का सोडलं, म्हणून तू परत विचारलंस. परत सांगतो: मास्तर झोपाळू, बाकं मोडकी, माझं डोकं तापट. झालं समाधान? बाबांनाही हेच सांग. शिकायच्या वयात भोंगा घेऊन बोंबलत फिरतोय, असं ते म्हणतात ना, ते मात्र खरं आहे. इथला बाजाररस्ता गटाराच्या नळांसाठी उभा चिरलाय. मधोमध खड्डा, दोन्ही अंगांना पत्रे. गिऱ्हाईक फिरकेना, म्हणून व्यापाऱ्यांनी मला ठेवलंय. 'रस्ता बंद, दुकानं चालू!' असं ओरडायचं आणि सकाळी बाणांच्या पाट्या लावायच्या. खोदणारे रोज पत्रे सरकवतात, कालची वाट आज नसते. खड्ड्याच्या डावीकडून जायचं की उजवीकडून, हे लोक माझ्या बाणावर ठरवतात. व्यापाऱ्यांचे अध्यक्ष म्हणाले होते, "अर्धे इकडे, अर्धे तिकडे. कुणाची कुरकुर नको."

मी सगळे उजवीकडे लावले.

उजवीकडे बटणवाल्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर त्यांची मुलगी बसते. माझ्याच वर्गातली. वडिलांची नजर अधू झाली तेव्हा तिने कॉलेज सोडलं, आणि मागोमाग मी. आता कळलं, मास्तर किती झोपाळू होते ते?

त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरेना. डावीकडचा खेळणीवाला मला म्हणाला, "का रे, आमच्या बाजूला साप निघालेत?" मी म्हटलं, "लोकांची आवड, काका!" आणि छाती फुगवून पुढे गेलो. वाटायचं, एक दिवस ती विचारेल, हे कुणी केलं?

काल विचारलं.

"बाण तू फिरवलेस ना?"

मी नुसता हसलो.

"तुला कुणी सांगितलं होतं? बाबा म्हणाले होते, या खोदकामात धंदा बसला तर दुकान भाड्याने देऊ, तू परत कॉलेजात जा. बसत आला होता रे! आता म्हणतात, एवढं गिऱ्हाईक टाकून कुठे जातेस?"

"अगं, मी तुझ्यासाठीच..."

"माझ्यासाठी करायचं होतं, तर मला विचारायचं होतं." आणि पुढच्या बाईंकडे वळली. "किती देऊ, मावशी?"

बाहेर आलो आणि एक पाटी लाथेने खड्ड्यात घातली. खाली काम करणारे मला शिव्या देत होते. बरोबर देत होते.

आज सकाळी ठरल्याप्रमाणे अर्धे-अर्धे लावणार होतो. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? सगळे डावीकडे लावले. खेळणीवाल्याने बोलावून चहा पाजला. अर्धा तसाच ठेवून उठलो. दुपारी बटणवाले दारात आले. मला आवाजावरून ओळखतात.

"आज लोक कुठे गेले रे, बाळा?"

मी भोंगा तोंडाला लावला आणि ओरडलो, "दुकानं चालू!"

त्यांच्या मागे, रिकाम्या दुकानात, ती पुस्तक उघडून बसली होती. मान वर केली नाही.

ती परत कॉलेजात जाईपर्यंत बाण डावीकडेच राहतील. बाबांना यातलं काही बोलू नकोस. मास्तरांचंच सांग.

तिची जायची वाट मोकळी करत बसलेला,
तुझा धाकटा