बाण दिसता कामा नये

३ नोव्हेंबर, सोमवार

बाण काढा म्हणे. सगळं सोडून बाण!

मोरिवलीच्या रंगाच्या कंपनीसाठी दोन महिने राबून स्क्रीन उभी केली. रसायन शिजवायचे चार रिअॅक्टर, प्रत्येकाचं टेंपरेचर, चार मोठी बटनं, धोका झाला की हॉर्न. दिवाळीपासून ट्रायल चालू आहे, एक तक्रार नाही. आज त्यांचे मॅनेजर सुजित सर हाताची घडी घालून पाच मिनिटं बघत राहिले आणि बोलले काय, तर "ये तीर बीच में क्यूं है?" माउसचा बाण. आता पंचावन्न इंची टीव्हीवर तो वीतभर दिसतो हे कबूल. पण माझ्या सगळ्या कामात ह्या माणसाला दिसला तो बाण. गुरुवारी परदेशी पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर "क्लीन" दिसलं पाहिजे.

हरेश सरांना फोन केला. आमचे मालक ते, ऑफिस पाच माणसांचं, पण रुबाब पन्नासचा. "विनी, निकाल दे ना यार तीर. कस्टमर खूष तर आपण खूष." संपलं.

भगवंतमामा तिथेच ऑपरेटर आहे, एकोणतीस वर्षं. कंपनीत त्याला मामा म्हणायचं नाही असं आमचं ठरलंय. मी "भगवंत सर" म्हणते आणि तो लाजतो. आज मी काम करत असताना दर थोड्या वेळाने यायचा, माउस धरायचा, बाण चारही बटनांवरून फिरवून आणायचा. बाण वर आला की बटन पिवळं होतं, ती माझीच आयडिया. चारही पिवळी झाली की मान हलवून परत जागेवर. छप्पन्न वर्षांचा माणूस, माउसशी खेळतो. हसू आवरेना.

४ नोव्हेंबर

झालं. दहा मिनिटांचं काम. बाण काढता येत नाहीच खरं तर — एक छोटं पारदर्शक चित्र बनवायचं आणि कॉम्प्युटरला सांगायचं, हाच तुझा बाण. तो असतो तिथेच, फिरतोही. दिसत नाही इतकंच.

६ नोव्हेंबर, गुरुवार

पाहुणे खूष. सुजित सर खूष. त्यांनी टेबलावरचा माउससुद्धा उचलून कपाटात टाकला. बाण नाही तर माउस कशाला, टेबल मोकळं दिसतं. हरेश सरांनी ऑफिसात सगळ्यांना समोसे दिले आणि बोलले, पुढची साईट विनीची, बदलापूरची. स्वतःची साईट! सहा महिन्यांत मिळेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी पावणेएकला मामाचा व्हॉइस मेसेज, एक्केचाळीस सेकंद. नाही ऐकला. मामाचे व्हॉइस मेसेज म्हणजे स्थळ. मागचा बेलवलीचा होता, स्वतःचा टेम्पो. त्याआधीचा दोन टेम्पोवाला.

८ नोव्हेंबर

आई विचारते, मामाचा मेसेज ऐकलास का. तिलाही माहीत असणार, म्हणजे स्थळच. ऐकते म्हटलं. बघू.

११ नोव्हेंबर, मंगळवार



सकाळी अकराला मोरिवलीत तीन नंबरचा रिअॅक्टर उतू गेला. स्क्रीन हँग झाली होती. आकडा बासष्टवर थांबला होता आणि आत टेंपरेचर चढतच होतं. आमचा हॉर्न त्याच प्रोग्रॅममधून वाजतो, तोही गप्प. झाकणातून गरम फेस बाहेर आला. चांगो म्हणून हेल्पर आहे, बारवी धरणाकडच्या वाडीतला, चाळिशीचा. तो हाताने वॉल्व्ह बंद करायला धावला. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. मामाने त्याला ओढून बाजूला घेतलं म्हणून तेवढ्यावर निभावलं.

आईने संध्याकाळी देवापुढे दिवा लावला आणि बोलली, माझा भाऊ वाचला. मी तिच्याकडे बघू शकले नाही. हँग झालेली स्क्रीन माझी आहे.

१२ नोव्हेंबर

हँग का झाली ते सापडलं. कोणीतरी केबल ओढली, प्रोग्रॅम आकडा येण्याची वाट बघत बसला. मी वाट बघण्याला मुदत घातली नव्हती. नवशिक्याची चूक. पण चूक माझी एकटीची नाही, केबल त्यांची, हॉर्न वेगळा हवा हे हरेश सरांनीच "बाद में" म्हणून ठेवलेलं. सकाळपासून हेच घोकतेय. घरात येरझारा घालते. आई बोलली, बस जरा, डोकं गरगरतंय तुझ्याने.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मामाला घरी बसवलं. कामावरून काढल्याचं लेटर निघणार. "ड्यूटीवर झोपला होता." वीस मिनिटं आकडा हलला नाही आणि ह्याला कळलं नाही म्हणजे झोपलाच असणार, असा त्यांचा हिशोब. सोमवारी चौकशी. एकोणतीस वर्षांत त्याची एक खाडा-चिठ्ठी नाही. मामी रडून फोनवर सांगत होती, ते जेवत नाहीत, ओट्यावर बसून असतात.

हरेश सर म्हणाले रिपोर्ट तू लिही. "सिंपल रख. केबल उनका, ऑपरेटर उनका. सॉफ्टवेअर ओके." आणि वरून, बदलापूरची साईट लक्षात आहे ना?

आहे. चांगलीच आहे.

१४ नोव्हेंबर

चांगोला बघायला उल्हासनगरच्या हॉस्पिटलात गेले. मोसंबी नेली, आणि त्याच्या हाताचं बँडेज बघितल्यावर मोसंबी कशी सोलणार हा म्हणून स्वतःचीच लाज वाटली. सोलून दिली.

मी कोण ते त्याला माहीत नव्हतं. भगवंतची भाची एवढंच सांगितलं. त्यानेच विषय काढला. "दादा झोपला नव्हता, ताई. टक लावून बघत व्हता. पण त्याला कळंना ना, यो जागा हाय का झोपलाय ते."

कोण झोपलाय?

"टीव्ही. दादा पैला बाण फिरवायचा. चारी बटना पिवळी झाली का बोलायचा, चांगो, जागा हाय रे. नाय झाली तर लगेच आत पळायचा. आता बाणच नाय. माउस पन नाय."

उठून पाणी प्यायला गेले आणि जिन्यात उभी राहिले.

घरी येऊन ही वही उघडली. तीन तारीख. मीच लिहिलंय — माउसशी खेळतो. हसू आवरेना.

रांडेची अक्कल माझी.

आणि तो मेसेज. सहा तारीख, पावणेएक. माउस कपाटात गेल्यानंतरचा. ते स्थळ नव्हतं. तो मला बाणाबद्दल सांगत होता, आणि मी अपघातापर्यंत पाच दिवस ऐकलं नाही.

आता ऐकायची हिंमत होत नाही. ऐकला की त्याच्या मोबाईलवर माइकचं चिन्ह निळं होणार. ब्लू टिक बंद केली तरी ते होतंच. त्याला कळणार की मी आत्ता ऐकला. आणि नाही ऐकला तर... नाही ऐकला तर मला अजून म्हणता येतं की मला कोणी सांगितलंच नाही. असा विचार आला डोक्यात. खोटं कशाला लिहू, आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

मामाकडे गेले, मोरिवलीला. ओट्यावरच होता. दाढी वाढलेली. मला बघून मामीला ओरडला, "विनू बाय आली गो, चाय ठेव." जसं काही झालंच नाही.

मी वाट बघत होते की तो मेसेजचं काढेल. काढलं नाही. शेवटी मीच विचारलं, मामा, बाण का फिरवायचास? तो हसला. म्हणाला पूर्वी काट्यांची मीटर होती. काटा अडकतो कधी कधी. म्हणून काचेवर टिचकी मारायची. काटा हलला का मीटर जिवंत. तुझ्या टीव्हीला टिचकी कशी मारणार, म्हणून बाण. शिफ्टमधले सगळेच करतात.

दोन महिने मी त्या फ्लोअरवर बसले. एकाला विचारलं नाही, काय करताय म्हणून. इंजिनिअर ना मी!

तोंडाशी आलं होतं — मामा, बाण मी काढला, माझ्यामुळे झालं. मामी चहा घेऊन आली आणि मी चहा प्यायले. निघताना त्याने परसातली केळी दिली, आईसाठी. पिशवीतून आणली ती तशीच पडलीत. आई म्हणते काळी पडतील.

१६ नोव्हेंबर, रविवार

रिपोर्ट दोनदा लिहिला. एक बाण धरून, एक बाण सोडून. बाण सोडून लिहिलेला फार छान झालाय. एक शब्द खोटा नाही त्यात. आईने तीनदा जेवायला हाक मारली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

मोरिवलीची कॉन्फरन्स रूम. सुजित सर, त्यांचे एचआरवाले, हरेश सर, मी. मामा टेबलाच्या टोकाला, खुर्चीच्या कडेवर बसलेला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. त्याचा जबाब वाचून दाखवला, दोन ओळी. "स्क्रीन बघत होतो. आकडा बासष्ट होता." बाणाचा शब्द नाही. माझं नाव नाही.

मग माझी पाळी. हरेश सरांनी रिपोर्ट पुढे सरकवला, कुठला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मी वाचलाच नाही. तोंडीच सांगितलं. ऑपरेटर बाण फिरवून बघतात स्क्रीन चालू आहे की नाही. तो बाण मी लपवला. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. दुसरी खूण ठेवली नाही. हँग झाली तीही माझी चूक. ते झोपले नव्हते, मी त्यांना आंधळं केलं होतं. आणि ते माझे मामा आहेत, हेही लिहून घ्या.

आवाज चिरकला माझा, चिरकू दे.

बाण काढायला कोणी सांगितलं होतं ते सुजित सरांना माहीत होतं. ते मोबाईल बघत होते. मग त्यांनी मामालाच विचारलं, "बाण नव्हता तर तेव्हाच बोलला का नाहीस? सात दिवस होते."

मला वाटलं आता सांगेल. सांगितलं होतं हिला, मेसेज केला होता. मी मान खाली घालून तयार बसले.

मामा म्हणाला, "राहून गेला, साहेब."

१८ नोव्हेंबर

मामाचं लेटर थांबलं. उद्यापासून ड्यूटी. माझी बंद — हरेश सर आरडाओरडा करतील वाटलं होतं, ते नुसते बोलले, "आठ दिन घर बैठ. फिर देखते हैं." बदलापूरबद्दल मी विचारलं नाही. जायच्या आधी शेवटचं काम म्हणून वाट बघण्याला मुदत घातली, पारदर्शक चित्र काढलं, माउस कपाटातून टेबलावर ठेवला आणि बाण परत आणला. मुद्दाम मोठा ठेवलाय. हॉर्नची वायर वेगळी टाकायचंही लेखी घेतलं सुजित सरांकडून, सही केली त्यांनी.

चांगोच्या हाताला अजून दोन महिने. तोवर त्याला काम नाही, आणि कॉन्ट्रॅक्टवाला म्हणतो रजेचा पगार मिळत नाही. ते पण मांडायला हवं होतं मी. त्यासाठी परत जायला हवं.

आईला सगळं सांगितलं. तिने काळी पडलेली केळी कुस्करून गोड घावन केले आणि माझ्यापुढे ठेवले.

१९ नोव्हेंबर

मामी फोनवर म्हणाली, आज जेवून गेले ड्यूटीवर.

मेसेज अजून तसाच आहे. आता कशाची भीती? शिव्या असतील तर खायच्या आहेतच. "राहून गेला" म्हणाला मला वाचवायला, आणि मी अजून त्याचं ऐकूनही घेतलं नाही. उद्या ऐकते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

ऐकला. मागे मशीनचा आवाज आहे, म्हणून मोठ्याने बोलतोय.

"विनू बाय, यो बाण नाय दिसं आते. माउस पन उचलला सायबानी. मी सुजित सायबाला बोलाला चाललेलो, का बाण परत लावा. मंग जिन्यातना मागारी आलो. बोललो, आपल्या पोरीनं केलंय, तिनं कायतरी इचार करूनशीच केला असंल. आपुन कशाला मधी बोलाचा. तू येशील तवा सांग मना, जागा हाय का झोपलाय त्यो आते कसा बघाचा. घाई नाय."

माइक निळा झाला. त्याच्याकडेही झाला असेल.