मागचं टोक

मंगळवार. तारीख तू टाकून घे. कॅलेंडरचं पान तुझा मामा फाडायचा, ते मागच्या महिन्यावरच आहे.

टकळीस आजीचा आशीर्वाद.

आम्ही ठीक आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझ्या आईचा गुडघा सुजलाय, पण ती बसत नाही. घासलेली भांडी पुन्हा घासते. म्हटलं, बाई, तळ निघेल. नळाला पाणी एक दिवसाआड. शेजारची शिंपीण रोज डबा आणते. तिच्या हाताला मीठ नाही, पण सध्या नावं ठेवायची सोय नाही.

तुझं पत्र मिळालं. लहानपणी तू झोपेतसुद्धा बोलायचीस, म्हणून टकळी नाव पडलं. आता चार ओळी, आणि त्यात प्रश्न एकच. मामाच्या खांद्यावर काय होतं आणि तो एकटा होता का. सांगते. चौथीपर्यंत शिकलेली बाई मी, मला ओळीनेच लिहावं लागतं, मधेच उडी मारता येत नाही.

लढाईत आपल्या थिएटरचं छत गेल्यापासून सिनेमा फिरता झाला, ते तू पाहिलंसच. शाळेच्या तळघरात लोक राहतात, तिथे मामा शनिवारी दुपारी पडदा लावायचा. आणि लोकांना बघायचे काय, तर यंत्रांचे सिनेमे. डोक्यावर खरी घिरट्या घालताहेत आणि हे खाली बसून लोखंडी माणसांची मारामारी बघताहेत. दारात तिकिटं फाडण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे असले सिनेमे मी तुकड्यातुकड्यांनी पुष्कळ पाहिलेत. सगळ्यांत यंत्राला राग येतो. आधी डोळे लाल होतात, मग ते भाषण करतं, तोवर हिरो पळून जातो. मामा म्हणायचा, "आई, यंत्राने तोंड बंद ठेवलं असतं तर सिनेमा मध्यंतराआधीच संपला असता."

खरं यंत्र तोंड बंदच ठेवतं. डोळेबिळेही लाल होत नाहीत. त्याला आपल्याशी काही देणंघेणंच नसतं.

मागच्या वेळी आलीस तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू काम मांडून बसली होतीस. वरून काढलेले फोटो, त्यात तांदळाएवढी माणसं. प्रत्येकाभोवती चौकट काढत होतीस, कुणाला लाल, कुणाला हिरवी. मी विचारलं, "हे कशाला?"

"यंत्राला शिकवतेय, आजी. साधा माणूस कुठला आणि सैनिक कुठला."

"सैनिकाला काय शिंगं असतात?"

"आजी, तू ना."

मग समजावलंस. एकट्याच्या खांद्यावर लांब नळी दिसली की लाल, ते हत्यार. तीच नळी दोघांनी दोन टोकांना धरलेली असली तर हिरवी, ते सामान. मामा चहा पीत होता. म्हणाला, "म्हणजे तू नोकरीला लागल्यापासून मी दर शनिवारी लाल."

तू म्हणालीस, "मामा, तुझी ढेरी दाखवते त्याला. आंधळ्यालासुद्धा सैनिक वाटणार नाहीस."

हसलो सगळे. मीही हसले. ते यंत्र आपल्या बाजूचं की पलीकडच्यांचं, असं मी नंतर विचारलं, तर तू म्हणालीस, कंपनी सांगत नाही. मग चहा गार झाला म्हणून मी तो पुन्हा तापवायला घेतला.

आता त्या शनिवारचं.

पडदा पत्र्याच्या नळीत गुंडाळून न्यायचा, पुढचं टोक तुझं, मागचं मामाचं, हे तुला मी काय सांगायचं. तू गेल्यावर तो नळी खांद्यावर टाकायला लागला. मी म्हणायचे, धरते मी, तर म्हणायचा, "आई, तुझ्या चालीने गेलो तर पोचेपर्यंत रविवार उजाडेल." त्या दिवशीही तेच म्हणाला. मी पुढे येऊन शाळेच्या दारात उभी होते. तिकीट नसतं तिथे, पण सवयीने उभी राहते. तो पटांगणातून येत होता. दिसत होता, मग नव्हता. आवाज आधी आला की नंतर, ते मला आठवत नाही.

तर पडदा होता. आणि एकटा होता.

तुझी आई म्हणाली, दोघं होते असं लिही, पोरीला झोप तरी लागेल. पण मग तो दुसरा कोण, ते मला ठरवावं लागलं असतं. इथे माणसं इतकी थोडी उरलीत की कुणाला तिथे उभं करू? तू मारलंस असं मी म्हणत नाही. तू नाही मारलंस, असंही माझ्याकडून लिहून मागू नकोस. मला माहीत नाही. ज्यांना माहीत असेल ते काही आपल्याला पत्र टाकणार नाहीत.

मला रडू आलेलं नाही. शिंपीण डब्याबरोबर रोज तेही बघून जाते, आलं का म्हणून. नाही आलं, की डबा ठेवून निघते.

प्रोजेक्टर तळघरात होता, तो धड आहे. नळीला मोठा पोचा पडलाय. पडदा एका बाजूने जळला, तिथे तुझ्या आईने चादरीचं ठिगळ लावलं. भिंतीवर लावून पाहिलं तर ठिगळ बरोबर हिरोच्या तोंडावर येतं. येऊ दे. असाही तो काही फार देखणा नसतो.

तळघरातले लोक विचारतात, पडदा कधी लागणार. मी म्हटलं, लागेल. मागचं टोक मी घेते, पुढचं घ्यायला कोणी नाही. तुझ्या आईचा गुडघा तुला सांगितलाच. तू ये. नोकरी सोडून ये की रजा टाकून ये, ते मला कळत नाही, पण तू येशील तोच शनिवार धरू.

दोघींनी धरलं की हिरवी, असं तूच सांगितलं होतंस. ते यंत्र अजून तेच शिकलेलं आहे ना, एवढं निघण्याआधी बघून घे. नसलं तरी ये.

आणि पटांगणात तुरुतुरु पुढे जाऊ नकोस. मागे माझी चाल आहे.

मागचं टोक धरून,
तुझी आजी